धुऱ्यावरच्या साड्या

पहिल्या दगडानं खिडकीची काच फुटली, दुसऱ्यानं माझ्या पोरीची भुवई. यवतमाळात भाड्याच्या खोलीत राहून ती नर्सिंग शिकत होती. समोरच्या गच्चीवरच्या पोरानं फोन नंबर मागितला, तिनं दिला नाही, एवढंच झालं होतं.

दारव्ह्याला घरी बायकोनं माझी पिशवी भरता भरता निकाल दिला. "आता आणखी येक गोटा आत आला ना, त पोरीले सामानासगट घेऊन या. मले जित्ती पोरगी पायजे."

नवी काच लवकर मिळेना आणि घरमालकीण पडद्यासाठी भिंतीत खिळा ठोकू देईना. पण पडद्याचं मला कोण शिकवणार? रानडुकरं अडवायला आम्ही शेताभोवती जुन्या साड्या बांधतो. हरभऱ्याच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, काही साड्या सोडल्या, न धुताच नेल्या आणि तिच्या खिडकीच्या गजांना तारेनं आवळल्या. एकावर एक, ढिल्या. ताणलेली साडी डुक्कर फाडतं, ढिलीत त्याचं थोबाड गुंततं. खोलीभर फवारणीचा वास सुटला.

"बाबा, मैत्रिणी मले बुजगावणं म्हणतीन."

"म्हणू दे. डुकरं त येनार नाईत."

संध्याकाळी थप्पकन आवाज झाला. दगड साडीत शिरला, झोळीत पडल्यासारखा लोंबला आणि चौकटीवर निजला. तिथंच स्वतःची पाठ थोपटून चहा प्यायला हवा होता. मी दारामागचा बांबू उचलला आणि समोरच्या गच्चीच्या जिन्यावर धावलो. वर पोचलो तेव्हा शिवी द्यायलाही श्वास उरला नव्हता.

"काय काका, दम लागला का?" तो हसला.

मी सगळा जोर लावून हाणला. बांबू पाण्याच्या टाकीवर बसला. त्याची मूठ माझ्या तोंडावर. मी पडलो. बरगडीत लाथ, पुन्हा लाथ. तोंडात रक्त भरलं. त्यानं माझी गचांडी धरून डोकं कठड्याच्या बाहेर काढलं. खाली उलटा रस्ता दिसला, उलटी मोटारसायकल.

"फेकू का खाली?"

तेवढ्यात बांबू हलला. पोरगी अनवाणी वर आली होती. पहिला तडाखा त्याच्या मनगटावर बसला. हाड वाजलं, ते मला ऐकू आलं. दुसरा गुडघ्यावर. तो "ताई, ताई" करत लोळला. तिनं तिसऱ्यांदा बांबू उगारला, तेव्हा मी पडल्या पडल्या तिचा पाय धरला. "बस बाई, मरन तो."

ती थांबली. वाकून त्याचं मनगट पाहिलं. "मोडलं हाय. छातीशी धर. हालवशील त दुसरंही मोडीन."

घरी आलो तेव्हा ओठाला टाके होते. ते बायकोनं पाहिलेच नाहीत.

"गोटा आत आला का?"

"नाई. साडीतच अडकला."

"मंग राहू द्या तिले तिथंच."

सकाळी शेतात गेलो. साड्या नेल्या होत्या तेवढ्या जागेतून डुकरं आत शिरली होती. हरभरा मुळासकट उकरलेला. बायकोनं तिकडं एक नजर टाकली आणि उरलेल्या साड्यांच्या गाठी सोडायला लागली.

"आता ह्या कायले?"

"तिच्या खोलीले मागूनबी खिडकी हाय ना? तुमी बसा इथं धुऱ्यावर. तोंड सुजलंच हाय, डुकरं भेतीन."