जानेफळची सावड

देऊळगाव राजाच्या मोटार स्टँडवर मेहकरची गाडी लागली आणि मी खिडकीजवळची जागा पकडली. शेजारच्या गृहस्थांनी "कुठं निघालात?" म्हणून विचारलं, तर मी "असंच" म्हणालो. खरं तर जानेफळच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक गुलाबराव, माझे जुने मित्र, यांना सांगायला निघालो होतो की मी पाळकी सोडतोय. नगरला एका गोदामात कारकुनाची जागा ठरली होती. आजाऱ्यांना धीर द्या, मयताला उभे राहा, रविवारी आनंदावर उपदेश करा आणि घरी येऊन बायकोवर खेकसा, या सगळ्याचा मला वीट आला होता.

सुलतानपूरच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. ड्रायव्हर निवांत, आणि मी सडकेवर येरझारा घालतोय. कापूस वेचणारी एक बाई बांधावरून म्हणाली, "काऊन फिरून राह्यले भाऊ? तुमी फिरल्यानं गाडी लवकर निघते काय?" मला राग आला आणि हसूही आलं.

मेहकरहून पुढं जानेफळला पोचलो, तर गुलाबरावांनी "सलाम, सलाम" करत मिठीच मारली. रात्री कण्या (भरडलेल्या ज्वारीचा भात) आणि बरबटीची (चवळीची) उसळ होती. मूठभर घरांची मंडळी, प्रार्थनेला पत्र्याची खोली, तरी हा माणूस खुशीत जेवत होता. मला ते खुपलं. मी मनातलं सांगून टाकलं. ते म्हणाले, "उद्या आमची सावड हाये. मंग बोलू."

सकाळी पाहुण्यालाच उपदेश सांगतील या समजुतीनं मी पवित्र शास्त्र उघडून पुढं उभा राहिलो. कौसाबाई नावाच्या वयस्कर बाईंनी मला हातानं खाली बसवलं. शेतकऱ्यांत सावड असते, आज सारे तुझ्या शेतात, उद्या माझ्या. या लोकांनी ती पाळकाला लावली होती. महिन्यातून एका रविवारी पाळकानं उपदेश करायचा नाही, नुसतं आपलं दुखणं सांगायचं. प्रार्थना मंडळी करणार.

गुलाबराव सतरंजीवर मधोमध बसले. म्हणाले, "मयताच्या घरी गेलो की माही गेलेली पोरगी आठवते. दार वाजवाले हात उचलत नाही."

"मंग आमी येत जाऊ संगं," कोणीतरी म्हणालं. इतकंच. मग कौसाबाई माझ्याकडे वळल्या. "तुमाले काय होते, साहेब?"

"देवाच्या कृपेनं ठीक आहे," मी सवयीनं म्हणालो.

"ते झालं. आता सांगा."

मी सगळं सांगितलं, गोदामासकट. कोणी दचकलं नाही. "थकलं त सांगत जाव," त्या म्हणाल्या. "मुकाट्यानं काऊन जाऊन राह्यले?" त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली आणि मी सगळ्यांदेखत रडलो.

परतीच्या गाडीत तीच तगमग पुन्हा सुरू झाली. घरी बायकोनं विचारलं, "ठरलं का?" मी म्हणालो, "रविवार होऊ दे."

रविवारी माझ्या मंडळीत उपदेशाच्या वेळी मी व्यासपीठावरून खाली उतरलो, सतरंजीवर बसलो आणि म्हणालो, "मी फार थकलोय." मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मला वाटलं, आता हे उठून जातील. पण मागच्या रांगेतून मंडळीतल्या यशोदाबाई उठल्या, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं, तुम्हाला आमची गरजच नाही."

नगरला मी गेलो नाही.