विहिणीचं ताट

माझी वहिनी युक्रेनची. दादा बोटीवर होता तेव्हा ओडेसा बंदरात तिच्या प्रेमात पडला आणि लग्न करून तिला थेट मालवणजवळच्या मसुऱ्याला घेऊन आला. गावाने महिनाभर तिला डोळे फाडफाडून पाहिलं. आता ती बाजारात सुरमईच्या भावावरून माझ्यापेक्षा जास्त भांडते, तेही मालवणीत. पण आपल्या चेडवाशी, म्हणजे लेकीशी, बोलायचं ते स्वतःच्याच भाषेत, हा तिचा हट्ट. माझी भाची दोन्हीकडची गाणी म्हणते.

वहिनीचा नाताळही तिच्याच रीतीचा. आदल्या संध्याकाळी बारा पदार्थ. मटण नाही, दूध नाही, मासे मात्र चालतात. "म्हणजे ह्यो सण आमचोच," असं दादा दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी एकटाच हसतो. बिटाचं लालभडक सूप, बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, आणि सगळ्यांत आधी तोंडात घालायचे ते खसखस नि मध घातलेले शिजवलेले गहू.

गेल्या पावसाळ्यात तिची आई तिकडे वारली. युद्धामुळे जाता आलं नाही, अंत्यविधी तिने फोनवर पाहिला. त्या दिवशी ती रडली नाही. परसात तण उपटत बसली. मला तिची भीतीच वाटली.

नाताळ जवळ आला तशी ती सावरली. त्यांच्यात त्या रात्री घरातली गेलेली माणसं जेवायला येतात. त्यांच्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतात आणि टेबल न आवरता तसंच सोडून झोपतात. "आई पयल्यांदाच येतली," ती मला म्हणाली होती. माझ्या आईला हे समजावून सांगायचं काम दादाकडे होतं. दादा तो दादा, विसरला.

नाताळच्या सकाळी वहिनी स्वयंपाकघरात आली तर टेबल लख्ख आणि घासलेली भांडी पालथी घातलेली. सून दमली असेल म्हणून माझ्या आईने आम्ही झोपायला गेल्यावर सगळं आवरलं होतं.

"खरकटी भांडी रात्रभर ठेवल्यार लक्ष्मी घरात रवात काय गो?" आई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली.

वहिनी खुर्चीत बसली आणि इतक्या महिन्यांचं सगळं रडं एकदम बाहेर आलं. "ती इली आणि उपाशी गेली," एवढंच ती म्हणत राहिली.

दादाने खाली मान घालून सगळं सांगितलं. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. आई मात्र उठून गॅसपाशी गेली. तिने उरलेलं जेवण गरम केलं, ताट वाढलं, त्यात चमचा ठेवला आणि त्यापुढे हात जोडून चक्क गाऱ्हाणं घालायला लागली. गाऱ्हाणं म्हणजे देवळात पुरुषांनी देवाला घालायचं साकडं. घरात, बाईने, तेही विहिणीला घातलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"विहीणबाय, खंय आसशीत थंयसून आयक. चूक माझी झाली, तुझ्या चेडवाची न्हय."

प्रत्येक वाक्यामागे बाकीच्यांनी होकार द्यायचा असतो. "व्हय म्हाराजा," दादा आणि मी म्हणालो.

"परत ये. ह्या जेवान मी माझ्या हातान वाडलंय."

"व्हय म्हाराजा."

आईने ताट थोडं पुढे सरकवलं. "तुझ्या चेडवाची आई आता मी. पोटभर जेव आणि सुखान जा."

आमच्या दोघांच्याही आधी, डोळे न पुसता, वहिनी म्हणाली, "व्हय म्हाराजा."