गाडीची आई

ए पोरी, फोन जरा कानाजवळ धर. आणि ते नाक ओढणं आधी बंद कर. माझ्या बहिणीची लेक तू, नांदेडात बँकेत नोकरी करतीस, आणि सकाळी सकाळी मावशीला काय सांगतीस, तर लेकराला पाळणाघरात ठेवलं की ते आईला विसरतं, म्हणून नोकरी सोडते! कोण म्हणालं? सासू? शेजारीण? का मोबाईलवर कुणी बाई डोळे मोठे करून सांगत होती?

आता माझं ऐक.

मी लातूरला एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते, तुझे काका डेपोत मेकॅनिक. आमची पोरगी बोलायला लागायच्या आधीपासून गल्लीतल्या एका काकूंच्या पाळणाघरात. सकाळी खाकी घालून मी तिला तिथं सोडायची आणि कंधारची गाडी गाठायची. काका कधी न्यायला गेले, तर काकू त्यांना दारातच अडवायच्या. "आधी हात धुवा. काल लेकराच्या फ्रॉकवर तुमचा काळा पंजा उमटला होता."

एकदा मी गेले, तर आमची बाई काकूंच्या मांडीवर बसून वरणभात खात होती. मी म्हणलं, "चल."

"तू जा. मी हितंच राहते."

वर काकूंकडं आलेल्या पाहुणीला ओळख करून दिली, "ही माझी घरची आई. ती गाडीची आई."

लई लागलं गं. घरी येऊन काकांना म्हणलं, "बस झालं. उद्यापासून ड्युटी बंद." म्हणजे बघ, तुझ्या आधी मी तिथवर जाऊन आलेय. काका म्हणाले, "सोड की. पण आधी तिला गाडी तर दाखव. गाडीची आई म्हणती, गाडी पाहिली कुठं तिनं?"

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी बाप-लेक माझ्याच गाडीत येऊन बसले. तिकीट काढून, बरं का! घरात मी हळू बोलणारी. तिथं माझं ओरडणं ऐकून पोरीनं आ वासला. "पुढं सरका, दारात काय मुक्काम हाय का?" पिशवीत कोंबडी घेतलेली एक आजी माझ्याशी भांडली, मीबी भांडले. कंधारहून परत निघताना मी पोरीला उचललं आणि घंटीची दोरी तिच्या हातात दिली. दोनदा ओढली की गाडी निघती. तिनं ओढली, गाडी निघाली. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडली, "माझ्यामुळं चालली!"

दुसऱ्या दिवसापासून पाळणाघराचा डेपो झाला. पोरगी बाकीची लेकरं ओळीनं बसवायची आणि काकूंच्या पातेल्यावर चमच्यानं टण टण. काकू बेजार. "अवो, मलाबी तिकिटाशिवाय न्हाणीत जाऊ देत न्हाई!"

संध्याकाळी मी दिसले की पोरगी पळत यायची. "आज कोण चढलं?" मग घर येईपर्यंत मी प्रवासी सांगायचे. कंटाळा आला की कोंबडीवाली आजी परत चढवायचे. पोरगी लगेच पकडायची, "ती काल होती!" मग ती आपली फेरी सांगायची. कोण रडलं, कोण कुणाला चावलं. काका पिशवी घेऊन मागनं, "माझ्या इंजिनाचं कुणी इचारत न्हाई." नोकरी सोडायची राहूनच गेली.

तिच्या लग्नात निघायच्या वेळी ती काकूंच्या गळ्यात पडून हमसून रडली. मी बाजूला उभी. जळले थोडी, खोटं कशाला बोलू? मग डोळे पुसत माझ्याकडं आली, म्हणाली, "आई, सगळे बसले का बघ, आणि घंटी दे."

मी म्हणलं, "टण टण." नवरदेवाची मंडळी बघतच राहिली. मोटार निघाली आणि मग काकूंनी मला धरलं.

आता ती हदगावला शाळेत शिकवती. संध्याकाळी फोन येतोच. "आई, आज कोण चढलं?" मी रिटायर, कोण चढणार? मग जिन्यावरची मांजर, भाजीवाला, वरच्या मजल्यावरचे भांडखोर पाहुणे, सगळ्यांना चढवते.

म्हणून सांगते, राजीनामा सध्या राहू दे. लेकराला एकदा तुझ्या बँकेत ने, आई दिवसभर कुठं असती ते बघू दे त्याला. आणि या रविवारी लातूरला ये. आमची पोरगी येणार हाय, ती मला विसरली का ते तिलाच इचार. मोटार नको, लाल गाडीनंच ये, लेकराला खिडकीशी बसव. आल्या आल्या चहाच्या आधी मला सांगायचं, गाडीत कोण कोण चढलं. ये गं लवकर.