तळहातावरची जास्तीची रेघ

आधीच सांगते, मी गणिताची शिक्षिका. आमच्या घरी बुद्धवंदना होते, पण उतारे, अंगात येणं, भुतंखेतं... असलं काही वडिलांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलं नाही. या सदरातले अनुभव वाचून मी हसायचे. आता माझाच लिहिते आहे. तुम्ही हसलात तरी चालेल, पण जे पाहिलं त्यातला शब्दही बदलणार नाही.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. विद्यापीठाच्या गणित विभागाने शाळकरी मुलांसाठी महाडच्या एका कॉलेजात 'गणित दिवस' ठेवला होता. कोडी, कागदाच्या घड्या, खेळ... आणि शेवटी काही मुलांची विद्यापीठातल्या उन्हाळी शिबिरासाठी निवड. मी शिकवते पोलादपूर तालुक्यात. आमच्याकडून नववीतली सानिका आली होती. मूळची कुडपणची, शाळेसाठी मावशीकडे राहते. दहावीनंतर तिचं शिक्षण बंद, असं घरी ठरलेलं. निवड झाली तर त्यांना समजवायला माझ्याजवळ काहीतरी असणार होतं.

हॉल पहिल्या मजल्यावरचा, दोन्ही बाजूंना खिडक्या, दुपारचं लख्ख ऊन. अंधारबिंधार काही नाही. विद्यापीठाहून आलेल्या प्राध्यापक मॅडमनी आठ मुलं स्टेजवर बोलावली, प्रत्येकाला लाल स्केचपेन दिलं.

"हवं त्याच्याशी हात मिळवा. मिळवलात की एकमेकांच्या तळहातावर एकेक रेघ मारा. सगळ्या रेघा मिळून सम संख्याच येणार, मी न बघता सांगते!"

साधी गोष्ट आहे. हात मिळवायला दोघं लागतात, म्हणजे दर वेळी दोन रेघा. विषम येईलच कशी?

मी पहिल्या रांगेत, सानिकाच्या अगदी समोर. मुलं खिदळत हात मिळवत होती. मग सानिका स्टेजच्या कोपऱ्याकडे वळली. तिथे कुणी नव्हतं. तिने हात पुढे केला, कुणाचा तरी हात धरल्यासारखा... हवेतच पेन टेकवलं. मग स्वतःचा तळहात उघडून समोर धरला. मला वाटलं, गंमत करतेय.

आणि त्या तळहातावर लाल रेघ उमटली. सावकाश – अंगठ्याकडून करंगळीकडे. तिचं पेन तेव्हा दुसऱ्या हातात, खाली होतं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

बेरीज विषम आली. पुन्हा मोजली, विषमच. कोणी कोणाशी हात मिळवला ते एकेकाला विचारलं, तेव्हा सानिकाच्या हातावरची एक रेघ उरली.

"चुकून जास्त मारलीस का गं?" मॅडमनी हसून विचारलं.

"नाय मॅडम."

"मग ही कुणाची?"

"त्या मुलीची. ती काय, कोपऱ्यात हाय."

हॉलभर हशा. मागून कुठले तरी सर म्हणाले, "भाव खातेय!" मॅडमचं हसू मावळलं. "सानिका, चूक झाली म्हण, पुढे जाऊ. चुकण्यात काही वाईट नाही."

"चुकली असती तर म्हटलं असतं. ही रेघ मी मारली नाय."

तिची निवड हातची जाताना मला दिसत होती. तीही मागे हटेना. मग मी कशी बसून राहणार? उठले.

"मॅडम, मी समोरच होते. ती रेघ तिने मारलेली नाही. दुसऱ्या कुणीही नाही. मी पाहिलंय."

हशा थांबला. मॅडमनी घाईघाईने जेवणाची सुट्टी जाहीर केली.

निघताना मात्र त्या आपणहून आमच्याकडे आल्या. सानिकाचा हात खिडकीजवळ उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "सिद्ध झालेलं गणित खोटं ठरत नाही. ही मुलगीही खोटं बोलत नाही. मग स्टेजवर आठ जण नव्हते, नऊ होते. नवव्या हातावरची एक रेघ धरली की बेरीज जुळते." त्या हसत नव्हत्या.

सानिकाची निवड झाली. तिच्या घरच्यांना समजवायला मी कुडपणला पुन्हा पुन्हा गेले, शेवटी वडील म्हणाले, "जाऊ दे तिला." मे महिन्यात ती शिबिराला जाऊन आली. पुढेही शिकणार आहे.

त्या कॉलेजातही मी नंतर जाऊन आले. शिपायांना विचारलं, जुन्या प्राध्यापकांना विचारलं. तिथे कधी काही वाईट घडल्याचं कुणाला ठाऊक नाही. स्टेजच्या त्या कोपऱ्यात उभी राहिले. उजेड, स्केचपेनची शाई, माझे डोळे – सगळं तपासलं. ती रेघ कशी उमटली, मला आजही सांगता येत नाही.

आणि हो, परतीच्या एसटीतलं बोलणं सांगायचं राहिलं. मी हळूच विचारलं होतं, "तुला भीती नाही वाटली?"

"मला कशाला, बाई? तीच भ्यायलेली. सगळ्यांपुढं हात करत होती..." सानिका खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कुणी घेतच नव्हतं."