टेलरकाकांचा ठोकळा

आमच्या कांदिवलीच्या चाळीतल्या टेलरकाकांइतका मापाचा पक्का आणि तरीही मापावर जराही विश्वास नसलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं जास्तीचं कापड, ज्याला शिंपी माया म्हणतात, ते काका इतरांच्या दुप्पट सोडतात. "आज आहे तेवढाच माणूस उद्या राहत नाही," हे त्यांचं म्हणणं, आणि ते कापडापुरतं नाही. चपला एक नंबर मोठ्या. दोघांसाठी चहा सांगायचा तर तीन. लग्नाला मुहूर्ताच्या इतके आधी जातात, की मांडववाले त्यांनाच खुर्च्या मांडायला लावतात. दहावीनंतर त्यांनी मला शिवून दिलेली पँट मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षापर्यंत वापरली. दर जूनमध्ये ते ती थोडी उसवत आणि आतून नवी पँट निघाल्यासारखी निघे.

दोन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, डावा हात नाही सावरला. दुकानातलं दुसरं मशीन काकूंचं. शिवताना कापड धरून पुढे सरकवायचं ते डाव्या हाताने, त्यामुळे ते मशीन बंद पडलं. काकू दुकानात येत, पण त्याच्याकडे पाठ करून बसत. काकांनी काही दिवस ते पाहिलं आणि ठरवलं, की डाव्या हाताचं काम करणारं काहीतरी आपणच बनवायचं: शिलाई मशीनच्या पाटावर एक सळी, सळीवर सरकणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि ठोकळ्याला कापड धरणारा चिमटा. अंधेरीला कुणीतरी गाळा बंद करत होतं, तिथून धातू कोरणारं, कॉम्प्युटरवर चालणारं छोटं मशीन त्यांनी रिक्षात मांडीवर घेऊन आणलं. पहिल्या दिवशी त्यावर काय केलं, तर त्याला खोळ शिवली. तीही ढगळ.

मग मला हाक आली, "इंजिनियर, लॅपटॉप घेऊन ये." आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे मला सगळं येतं असा चाळीचा समज आहे. खरं तर कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर भागांची चित्रं काढायच्या, तासाला मी शेजारच्याचं बघून रेघा ओढायचो. हे मी चाचरत सांगितलं, तर काका म्हणाले, "मग दोघं शिकू. लाजायला काय झालं?"

काका शिकले ते हट्टाने. माउस इस्त्रीसारखा धरायचे, दाबून. व्हिडिओतल्या शिकवणाऱ्याला "हळू बोल रे, पळून चाललोय का आम्ही" असं दरडावायचे. एकदा मी पाणी प्यायला उठलो, तर त्यांनी लॅपटॉपच्या काचेवर टेलरच्या खडूने ठोकळ्यातल्या सळीच्या भोकाची जागा आखून ठेवली होती. माप पक्कं होईपर्यंत रेघ निळी दिसते आणि मग काळी होते, हे कळल्यापासून निळ्या रेघेवर त्यांचा फार राग. दुपारी गिऱ्हाईक नसलं, की सगळं चित्र काळं झाल्याशिवाय जेवायला उठायचे नाहीत.

अडलं ते एकाच ठिकाणी. सळी दहा मिलिमीटरची, आणि काका ठोकळ्याचं भोक काढायचे बाराचं.

"काका, सळी दहाची आहे."

"आज आहे. उद्या?"

"उद्याही दहाचीच."

"तू लहान आहेस अजून."

ठोकळा सळीवर डुगडुगला. कापड तिरकं गेलं. काकू म्हणाल्या, "ह्यो ठोकळो माझ्यापेक्षा जास्त लटपटता." काकांनी दुसरा ठोकळा साडेअकराचा केला, तिसरा अकराचा. कोरायची दोन पाती मोडली. तिसऱ्या ठोकळ्यानंतर काकू पुन्हा पाठ करून बसल्या, आणि मला वाटलं, आता हे बारगळलं.

काकांना तसं वाटलं नाही. ते मला पात्याने कुठून कसं कोरायचं ते ठरवणारा, सॉफ्टवेअरमधला कॅमचा भाग शिकवायला लावू लागले. मी आदल्या रात्रीच वाचून आलो होतो. म्हटलं, "पातं आधी जाडंभरडं कोरतं, थोडा धातू मुद्दाम सोडतं. मग शेवटच्या फेरीत तो काढून नेमकं माप देतं."

"म्हणजे आधी कच्ची टीप, मग पक्की."

"हो. तुम्हाला जास्तीचं सोडायचंय ना, ते तिथे सोडा. चित्रात मात्र खरं माप लिहा."

काकांनी स्क्रीनवरच्या भोकावर बोट ठेवलं. "म्हणजे शेवटी काहीच उरत नाही?"

"सरकण्यापुरतं केसभर."

त्या दिवशी त्यांनी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी दहा लिहिलं, वर केसभर, आणि जबाब दिल्यासारखे मागे सरून बसले.

चौथा ठोकळा सळीवर आवाज न करता सरकला. काकू स्टूल फिरवून मशीनसमोर बसल्या. चिमट्यात कापड अडकवलं, उजव्या हाताने पुढे नेलं, आणि उशीच्या अभ्र्याची एक बाजू शिवली. शेवटी टीप थोडी वाकडी गेली. "चालतला," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि दुसरी बाजू घेतली.

काकूंना पूर्वीचा वेग नाही. एका अभ्र्याला सकाळ जाते. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसतो. काकूंचं मशीन सुरू झालं, की काका आपलं थांबवतात. विचारलं तर म्हणतात, सुईत दोरा ओवतोय. दोरा ओवलेलाच असतो, मला दिसतो.