न भरलेला चुडा

कासारीण मावशी बायकांच्या तोंडाकडे बघत नसे. दारात आली की तिची नजर आधी मनगटावर जायची. बाजारात कुणी भेटली आणि "मावशी, वळखलंत का?" म्हणाली, तर ही म्हणे, "हात दाव आधी." हात हातात घेऊन जरा दाबला की लगेच, "अगं, तू शिराळ्याची धाकटी न्हवं? अंगठ्याचं हाड लय मोठं तुझं. लग्नात घाम काढलास माझा." तोंडावरून तिला कुणी आठवत नसे आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. "तोंड काय, सासूपुढं येगळं आन् आईपुढं येगळं. हात सगळीकडं एकच," असं तिचं म्हणणं.

ती कडेगावकडची. डोक्यावर टोपली, खांद्यावर बांगड्यांच्या माळा, पाऊल मात्र गड्यासारखं लांब. आमचं गाव कराडपासून बैलगाडीच्या वाटेवर. सणासुदीला ती आमच्या आळीत आली की बायका हातातली कामं टाकून ओसरीवर गोळा होत. बांगडी हाडापाशी अडली की मावशी काहीतरी चावट विचारायची. बाई हसली की हात सैल पडायचा, आणि तेवढ्यात बांगडी पार. माझा हात धरला की म्हणायची, "हिच्यासंगं बोलावंच लागत न्हाई. ही आधीच लाजून बसलेली असती. समद्या अशा निघाल्या तर माझ्या तोंडाला गंज चढंल."

खरंच मी तशी होते. वडिलांनी चौथीपर्यंत शिकवलं, पण चार माणसांत बोलायला काही शिकले नाही. सासरी भूक लागली तरी सांगत नसे. लग्न झालं आणि हे पलटणीत गेले. लढाई चालू होती. एकदा रजेवर आले, परत गेले, आणि मला दिवस गेले. माझी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच व्हायचं ठरलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. स्वतःच्या ताटातलं तूप माझ्या भाकरीवर ओतायच्या.

आठव्या महिन्यात मी सुजले. आधी पाय, मग हात, मग तोंड. जोडवी बोटांत रुतली. सकाळी उठल्यावर डोळे नीट उघडत नसत. आळीतल्या बायका येऊन गाल चेपायच्या आणि म्हणायच्या, "कशी भरलीय बघा! अंग धरलंय पोरीनं." आत्याबाईंना धन्य वाटायचं. सुनेला चांगलं खाऊ घातल्याची ती पावतीच होती. मलाही वाटलं, असंच असतं. पण डोकं फुटल्यासारखं दुखायचं. शेतात भांगलणीला, तण काढायला, वाकले की डोळ्यांपुढे ठिणग्या उडायच्या, लोहाराच्या भट्टीतून उडतात तशा. छातीच्या खाली, बरगडीपाशी आवळून यायचं. हे सांगायचं कुणाला? भांगलणीच्या दिवसांत सून डोकं दुखतं म्हणाली तर कामचुकार ठरते. आणि लघवी फार थोडी होते, हे तर मी देवालाही सांगितलं नसतं.

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी हिरवा चुडा भरायला मावशीला बोलावलं. आळीतल्या बायका जमल्या होत्या. मामंजी बाहेर कट्ट्यावर दोघातिघांबरोबर बसले होते. मावशीने माझा हात घेतला, सवयीने अंगठ्याने दाबला, आणि थांबली. दाबलं होतं तिथे खळगा पडला होता, तो तसाच राहिला. तिने पुन्हा दाबलं. मग मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं. तिने असं बघितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आक्का," ती आत्याबाईंना म्हणाली, "ह्या हातात मी चुडा भरत न्हाई."

आत्याबाईंनी हातातलं कुंकवाचं तबक खाली ठेवलं.

"काय म्हणालीस?"

"भरत न्हाई म्हणलं. आन् हातात हायत त्याबी काढायच्या."

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "जीभ झडली न्हाई तुझी? ल्योक माझा लढाईवर हाय. सुवासिनीच्या हाताला न्हाई म्हणतीस? अशा शुभ दिशी?"

"म्हणते. शिव्या द्या, पर म्हणते." मग ती माझ्याकडे वळली. "पोरी, डोकं दुखतं?"

मी खाली बघत राहिले.

"डोळ्याम्होरं काय दिसतं? चमकतं? आंधारतं? आन् लघवी? व्हती का नीट?"

तिने ते मोठ्याने विचारलं. कट्ट्यावर मामंजींनी खाकरून तोंड फिरवलं. एक बाई फिस्सकन हसली. धरणी दुभंगावी असं मला वाटलं. अंगावरची सगळी वस्त्रं कुणी ओढून घेतल्यासारखी मी आक्रसून गेले.

"लाज वाटती तर डोळं मिटून घे," मावशी म्हणाली, "पर मान हालीव."

मी डोळे मिटले आणि मान हलवली. प्रत्येक प्रश्नाला हलवली.

तेव्हा मावशीने माळा बाजूला सारल्या आणि ती जे बोलली, ते तिने आधी कुणाला सांगितलं नसावं. "आमच्या बाजूला एक पोर व्हती. असाच हात. बांगडी जाईना, म्हणून मी साबण लावून, पिळून पिळून भरल्या. समद्या बायका म्हणाल्या, कासारीण असावी तर अशी. मलाबी लय भारी वाटलं. आठवडाबी झाला न्हाई, पोरीला झटकं आलं. दातखीळ बसली, डोळं फिरलं. घरच्यांनी देवरुषी आणला. बाहेरचं हाय म्हणत लिंबू उतरत बसली. पोर बी गेली, पोटातलं बी गेलं. सवाष्ण मेली म्हणून त्या बांगड्या तशाच ऱ्हाऊ दिल्या हातात. मीच भरलेल्या, आक्का. मनगटात रुतलेल्या. मला तोंड लपवायला जागा न्हवती. हे काय हाय, मला कळत न्हाई. पर हे बाळसं न्हवं. कराडला डाक्तरीणबाई हाय, तिला दावा. आजच."

आत्याबाईंनी देवघरातून हळदीत भिजवलेला दोरा आणला, सुवासिनीचा हात मोकळा राहू नये म्हणून माझ्या मनगटाला बांधला, आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. "वाढीव," एवढंच म्हणाल्या. मावशीने रुतलेल्या बांगड्या एकेक करून वाढवल्या. काच जमिनीवर पडल्याचा आवाज आला की आत्याबाईंचे खांदे हलत. जोडवी तेल लावून काढली. पुरणाचा स्वयंपाक तसाच झाकून ठेवला आणि गाडी जुंपली. मावशी टोपली आमच्याच घरी टाकून गाडीत बसली.

डॉक्टरीणबाईंनी दंडाला रबरी पट्टा बांधून हवा भरली आणि त्यांचा चेहरा बदलला. मग माझी लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली. ती दुधासारखी नासली, पांढरा साका धरला. मी भिंतीकडे तोंड केलं. मावशी म्हणाली, "लाजतीस काय? तुझं सोनं थोडंच वितळवायलाय कुणी!" डॉक्टरीणबाई आत्याबाईंना म्हणाल्या, "हिच्या रक्ताचा जोर फार वाढलाय. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, हातातोंडाला सूज, ही झटके येण्याआधीची खूण असते. घरी ठेवली असती तर दोघंही हाती लागली नसती."

मला अंधाऱ्या खोलीत कुशीवर निजवून ठेवलं. दारं हळू लावायची, मोठ्याने बोलायचं नाही, जेवणात मिठाचा कण नाही. सुया टोचायच्या, पट्टा बांधायचा, नळी तापवायची, हे रोज. आत्याबाई कोपऱ्यात बसून असत. घरात सगळ्यांवर ओरडणारी ती बाई तिथे पायांच्या बोटांवर चालायची. पुढे जोर उतरेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दिवस भरायची वाट न बघता कळा आणल्या. मुलगी झाली. एवढीशी, पण रडली. सूज हळूहळू ओसरली. तरी घरी सोडताना त्यांनी बजावलं, की बाळंतीण झाली म्हणजे धोका संपला असं नाही, डोकं पुन्हा दुखलं तर त्याच पावली यायचं.

मुलगी रांगायला लागली तेव्हा पलटणीकडून ह्यांची बातमी आली. त्याविषयी मी लिहिणार नाही.

पण आळीत जे बोलणं सुरू झालं, ते लिहायला हवं. सुवासिनीला चुडा नाकारला, भरले हात रिकामे केले, जोडवी काढली, मग दुसरं काय होणार? ज्या बायका माझे गाल चेपून मला भरली म्हणाल्या होत्या, त्याच हे म्हणत होत्या. मावशीच्या कानावर गेलंच असणार. ती आमच्या गावात यायची बंद झाली. तिच्यामुळे मी जिवंत होते, आणि माझ्या घरापायी तिला तोंड लपवावं लागत होतं. रात्रंदिवस मला त्याची शरम वाटे. बाहेर पडायची मला मुभा नव्हती, आणि असती तरी मी काय बोलले असते?

बोलल्या त्या आत्याबाई. एका बाजाराच्या दिवशी त्या कराडला गेल्या आणि मावशीला बरोबर घेऊनच आल्या. तिला ओसरीवर बसवलं, आळीतल्या बायकांना हाका मारल्या आणि माझी मुलगी तिच्या मांडीवर ठेवली.

"भर हिचं हात," त्या म्हणाल्या.

मावशी हात पुढे करेना. "आक्का, माझ्या हातानं नगं. लोक काय म्हणत्यात, ठावं हाय मला. मलाबी रातीला तसंच वाटतंय."

"गोळी लागली माझ्या ल्योकाला. बांगडी न्हाई लागली." आत्याबाईंनी मुलीची मूठ तिच्या हातात दिली. "तू त्या दिशी गप बसली असतीस, तर आज ह्या घरात आमी दोघं म्हातारी भुतावाणी बसलो असतो. भर म्हणते ना."

मावशीने मुलीच्या हातात बारक्या बांगड्या भरल्या. भरताना काही चावट बोलली नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी मुलीच्या मुठीवर पडत होतं. बायका एकेक करून निघून गेल्या. कुणी माफी मागितली नाही, पण पुढच्या सणाला सगळ्यांनी तिच्यापुढे हात धरले.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटी मला तिला भेटताही आलं नाही. ती आजारी असल्याचं आम्हाला कळलं, तोवर सगळं उरकलं होतं.

हल्ली आळीत कुणाच्या सुनेला शेवटचे महिने लागले की मी तिच्या घरी जाऊन बसते. मला बोलायला जमत नाही. अर्धा वेळ मी नुसती पदर चाळवत बसते. मग विचारते: डोकं, डोळे, बरगडीखालचं दुखणं, लघवी. आणि मावशीसारखे हातपाय अंगठ्याने दाबून बघते, खळगा राहतो का. परवा एका घरी असंच विचारलं, तर ती पोर लालेलाल झाली. तिची सासू फणकारली, "आवं, घरात पुरुषमाणसं हायती. काय इचारताय हे?"

माझे कान तापले. उठून घरी यावंसं वाटलं. मी मान खाली घातली आणि त्या पोरीला म्हटलं, "लाज मलाबी वाटती, बाई. पर पाय फुडं कर."