खळ्यावरचं वारं

समुद्रापासून लांब, दुष्काळी वाशी तालुक्यातला माणूस शिडाच्या होडीच्या शर्यतीत देशात पहिला कसा आला, असं लोक मला अजूनही विचारतात. त्यांचं चुकत नाही. आमच्या ओढ्याला दिवाळीपर्यंत पाणी टिकलं तरी गाव खूश असायचं. मोठ्या दुष्काळात मी कॉलेजात होतो आणि आई-आबा रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. कामावर मजुरांना खायला मिळणारी सुकडी आबा स्वतः न खाता फडक्यात बांधून माझ्याकडे पाठवत. त्या सुकडीवर मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिलाच.

पुढे फौजेत कारकून म्हणून लागलो. आमच्या तुकडीच्या होड्या धरणाच्या पाण्यावर असत. दोघांच्या एका होडीला हलका गडी हवा होता, आणि ऑफिसात सगळ्यांत हलका मीच होतो. पोहता येत नव्हतं, ते नाकातोंडात भरपूर पाणी घेऊन शिकलो. होडी कलली की कडेला बसून अंग बाहेर झोकायचं, एवढंच काम आधी होतं. मग हळूहळू सुकाणू हातात आलं, आणि काही वर्षांनी आमच्या होडीनं देशातली मोठी शर्यत जिंकली.

घरी तसं पत्र लिहिलं. गावानं त्याचा अर्थ लावला, की पोरगा नाव वल्हवतो. सुगीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्यानं मला थांबवलं.

"काय रं, एका खेपंला किती माणसं बसत्यात तुझ्या नावंत?"

"दोन."

"दोनच? मग परवडतं कसं सरकारला?"

पार हसला, मीही हसलो. आबा मात्र हसले नाहीत. एवढं शिकवलेला मुलगा नावाडी झाला, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. त्यातच माझी फौजेतली मुदत संपत आली होती. ती वाढवून घ्यायची आणि होडीवर राहायचं, असं माझ्या मनात होतं. इकडे गावात नवी दूध संस्था निघाली होती आणि चेअरमनना सचिव म्हणून पदवीधर हवा होता. आबांनी परस्पर सांगून टाकलं होतं, "आमचा येतोय." मला नाही म्हणायचं होतं, पण खडी फोडून घट्टे पडलेले त्यांचे हात दिसले की तोंड उघडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर ज्वारी उपणायची होती. आबा वावडीवर, म्हणजे तीन पायांच्या उंच तिपाईवर, उभे होते. मी खालून पाट्या भरून देत होतो. पश्चिमेचं वारं बेताचं होतं. दाणे सरळ खाली पडत होते, भूस पूर्वेला उडत होतं. तेवढ्यात पांढऱ्याशुभ्र कपड्यांत चेअरमन आले आणि राशीच्या उत्तरेला येऊन उभे राहिले.

"मग कधीपासून येता सचिव?" त्यांनी हसून विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण नजर गेली दक्षिणेच्या गाडीवाटेकडे. तिथली धूळ आमच्या दिशेनं सरकत होती. तिकडचा लिंब हलायला लागला होता, आणि खळ्याजवळची बाभळ अजून गप्प होती.

"आबा, थांबा. वारं फिरतंय," मी म्हणालो. "चेअरमन साहेब, तुम्ही जरा अलीकडं या."

"इथं काय होतंय मला!" चेअरमन म्हणाले.

आबांनीही ऐकलं नाही. त्यांनी पाटी कलवली, आणि सगळं भूस चेअरमनच्या अंगावर गेलं. टोपी, मिशा, खिशातलं पेन, काही सुटलं नाही.

आबा घाईनं खाली उतरले आणि उपरण्यानं त्यांना झटकू लागले. झटकता झटकता माझ्याकडे वळले. "तुला आधी कसं कळलं रं?"

"होडीत हेच करतो, आबा. आमच्या होडीला वल्हं न्हाय. कुठनं वारं येतंय ते दुसऱ्याच्या आधी वळखायचं अन् शीड फिरवायचं. ज्याला आधी कळलं, तो पुढं जातो."

"वल्हं न्हाय?"

"न्हाय."

"नुसतं वाऱ्यावर?"

"व्हय."

आबा त्या लिंबाकडे बघत राहिले. जन्मभर उपणणाऱ्या माणसाला याहून जास्त सांगावं लागलं नाही. मग ते चेअरमनना म्हणाले, "तुमी दुसरा सचिव बघा. ह्याचं काम लई अवघड हाय."

चेअरमन मोठ्या मनाचे होते. मिशीतलं भूस काढत ते म्हणाले, "दिसलं की मला! कपडे धुवायचा साबण तेवढा आता तुमच्याकडनं."

मला तिथूनच पळत जाऊन पोस्टातून मुदत वाढवून घेत असल्याची तार करावीशी वाटत होती. आबांनी वावडी उचलून नव्या वाऱ्याला धरून मांडली. "तार उद्या कर. आधी एवढी रास होऊ दे, वारं हाय तवर."

पुढची कितीतरी वर्षं मी शर्यतींत उतरलो. काही जिंकलो, बऱ्याच हरलोही. पण आबांच्या पत्रात कितवा आलास असा प्रश्न कधीच नसायचा. दुसऱ्याच्या हातानं लिहिलेल्या त्या पत्रांत ते एवढंच विचारायचे, की त्या दिवशी वारं कसं होतं. मी चार-चार पानं उत्तर लिहायचो.